संजनाची चौथी चौकट

सातपूरच्या त्या शाळेत कोणतीही गोष्ट तात्पर्याशिवाय सुटत नसे. मागच्या बाजूच्या नळाला पाणी येत नव्हतं, पण नळावर ‘पाणी जपून वापरा’ असं ठळक लिहिलेलं होतं, आणि शाळेत तेवढा एकच बोध सगळे काटेकोरपणे पाळत.

अशा शाळेच्या भित्तिफलकावर नववीतली संजना पगारे दर सोमवारी चार चौकटींची चित्रकथा लावायची. ही कल्पना तिने मोठ्या भावाच्या, धम्मपालदादाच्या मोबाइलवरून उचलली होती. जपानमध्ये म्हणे अशा गोष्टी असतात. चार चौकटी, वरून खाली वाचायच्या. शाळेतल्या मैत्रिणी असतात, त्या डबा खातात, छत्री विसरतात, आणि चौथ्या चौकटीत काहीतरी फजिती होते. बोध काहीच नाही. संजनाला वाटलं, हे आपल्याला जमेल.

गोष्टीतल्या मैत्रिणी म्हणजे ती स्वतः, वेदिका आणि तेजस्विनी. त्या सोमवारची गोष्ट अशी होती. पहिल्या चौकटीत तेजस्विनी वर्गात झोपलेली. दुसरीत वेदिका तिच्यासमोर इतिहासाचं पुस्तक उभं करते. तिसरीत संजना तिला आपला चष्मा घालते. आणि चौथीत खैरनार मॅडम सगळ्या वर्गाला कौतुकाने सांगतात, “तेजस्विनीकडे बघा, पापणीसुद्धा हलत नाही.”

मधल्या सुट्टीत फलकापुढे गर्दी झाली. सातवीतली पोरंसुद्धा हसली, आणि ती एकमेकांना पाडल्याशिवाय सहसा हसत नाहीत.

गुरुवारी सकाळी संजनाने फलक पाहिला तेव्हा चौथी चौकट नव्हती. तिच्या जागी पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं : ‘तात्पर्य : वर्गात झोपणाऱ्याचे भविष्यही झोपते.’ त्याखाली, चित्रकथेच्या तळाशी, नाव जसंच्या तसं : कु. संजना पगारे, ९ वी ब.

संजनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने ते अक्षर ओळखलं. फळ्यावर रोज सुविचार लिहिणारं, कधीही वर-खाली न होणारं, शाळेतलं सगळ्यात आज्ञाधारक अक्षर.

“वेदिका, हे तू लिहिलंस.”

“मॅडमनी सांगितलं. मी फक्त लिहिलं.”

“कुठे चिकटवणार ते विचारलं नाहीस?”

“विचारलं ना.”

“मग?”

“म्हणाल्या, चौथीवर.”

“आणि तू काय म्हणालीस?”

वेदिकाने थोडा विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, हीच पंचाईत. “मी म्हटलं, शाई निळी की काळी.”

तेजस्विनी डोळे चोळत तात्पर्य वाचत होती. “माझं भविष्य काय करतंय गं?”

“झोपलंय,” वेदिका म्हणाली.

“बरंय. कोणीतरी झोपलं पाहिजे.”

“तुम्ही दोघी हसू नका,” संजना म्हणाली. “खाली नाव माझं आहे. लोक म्हणतील ही असली वाक्यं मी सुचवते.”

ती तडक शिक्षक खोलीत गेली. बाकीच्या दोघी मागे, दारापर्यंत. शुक्रवारी तपासणीला साहेब येणार होते, त्यामुळे शाळा नटत होती. कुंड्यांना गेरू लागला होता, आणि त्यातल्या दोन कुंड्यांत त्याच दिवशी झाडंही आली होती. खैरनार मॅडम कार्डबोर्डचा सूर्य कापत बसल्या होत्या.

“मॅडम, त्या वाक्याखाली माझं नाव आहे आणि ते वाक्य माझं नाही.”

“चित्रं तर तुझीच आहेत ना?”

“तीन. चौथं तुम्ही झाकलंय.”

“संजना, उद्या साहेब फलक बघणार. तुझी गोष्ट नुसतीच संपते. तिचा उपयोग काय?”

“लोक हसतात.”

“ते दिसलं मला,” मॅडम म्हणाल्या, आणि सूर्याचा एक किरण गरजेपेक्षा जास्त कापला गेला.

“मग माझं नाव काढा.”

“निनावी काही लावायचं नाही असा नियम आहे.”

संजना वळली. फलकापाशी गेली आणि तात्पर्याच्या कोपऱ्यात नख घालून तिने कागद ओढला. आता त्या शाळेत दुसरं काही टिकत नसलं, तरी शिपाई गोजराबाईंनी शिजवलेली खळ टिकायची. कागद आला, पण एकटा आला नाही. खालची चौकट सोलून सोबत आली. तात्पर्याच्या पाठीवर खैरनार मॅडमचं डोकं उलटं चिकटलं होतं, आणि फलकावर नुसता बाक उरला.

संजना रडली नाही. तिने तो कागद वेदिकाच्या हातात दिला. “घे. ठेव तुझं तात्पर्य.”

“मी परत—”

“तू काही करू नकोस. तू कोणी काही सांगितलं की करतेस, तेवढं पुष्कळ झालं.”

वेदिकाचा चेहरा पडला. मागे खैरनार मॅडम येऊन उभ्या होत्या. त्या ओरडतील म्हणून तिघी वाट बघत राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. हळू आवाजात बोलल्या, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

“तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? पुस्तक उभं केलं, चष्मा घातला, की मी फसते? इतकी वर्षं शिकवून मला झोपलेलं पोर ओळखू येत नाही?”

“तुम्हाला माहीत होतं?” तेजस्विनीने विचारलं.

“तू घोरतेस.”

तेजस्विनीने मान खाली घातली. तिची आई कंपनीतल्या कामगारांचे डबे करायची आणि पोळ्या तेजस्विनी लाटायची, पहाटे उठून.

“तुझ्या आईला मी ओळखते,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून तुझ्या बाकापाशी आले की मी मोठ्याने वाचत नाही. आणि ह्या बाईसाहेबांनी मला बावळट करून भिंतीवर टांगलं. सगळी शाळा हसली. मला राग येणार नाही?”

संजनाचा राग आतापर्यंत सरळ रेषेत चालला होता. त्याला अचानक वळण लागलं, आणि वळणावर तो जास्तच चिडला. तिने दप्तरातून कागद काढला, व्हरांड्यातच बसली आणि चौथी चौकट नव्याने काढली. मॅडम ओठांवर बोट ठेवून उभ्या. वर लिहिलं : “हळू वाचा गं. ती उठेल.”

वेदिका म्हणाली, “ही जास्त भारी आहे.” संजनाने तिच्याकडे बघितलंही नाही.

मॅडमनी चित्र हातात घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“छान आहे. हे नको.”

“का?”

“साहेब विचारतील, मुलगी वर्गात झोपते हे माहीत असून तुम्ही काय केलं? मग मला खुलासा. हिच्या आईला बोलावणं. त्या दिवशीचे डबे कोण करणार? तू जुनीच काढ. बाई बावळट निघाली, तर कोणी खुलासा मागत नाही.”

म्हणजे संजनाला हवी होती ती चौकट परत मिळाली. तिने ती इतकी दाबून काढली की पेन्सिलचं टोक मोडलं. मॅडमचा चेहरा पहिल्यापेक्षा भोळा आला, भुवया वर, तोंड कौतुकाने उघडं. चिडून काढल्यामुळे असेल, पण विनोद चांगलाच जमला.

शुक्रवारी साहेब फलकापुढे थांबले. वरून खाली वाचत गेले आणि चौथ्या चौकटीशी पोटावर हात ठेवून हसले. “ह्या बाई कोण हो?”

“मीच, साहेब,” खैरनार मॅडम म्हणाल्या.

साहेब पुन्हा हसले. मुख्याध्यापक त्यांच्यानंतर, बेताने हसले. “असं भोळं असू नये मॅडम, पोरं फसवतात,” असा बोध करून साहेब चहाला गेले.

स्वागताच्या रांगेत तेजस्विनी उभ्या उभ्या पेंगत होती. संजना मुठी आवळून साहेबांच्या पाठीकडे बघत होती. वेदिका सरकत तिच्याजवळ आली.

“अजून चिडलीयेस?”

“हो.”

“माझ्यावर?”

“सध्या त्यांच्यावर. तू थांब, तुझा नंबर त्यांच्यामागे आहे.”

वेदिका तिच्या शेजारी उभी राहून थांबली.