माझ्या पोटातली शेकोटी

मी एक भिंत बोलतेय. भिंतीला कान असतात हे तुम्ही मानताच, आज थोडा वेळ तोंडही आहे असं धरून चाला.

बैठकीची खोली आणि तिच्यामागची सामानाची खोली, या दोघींच्या मधे मी उभी. माझ्यात वीट नाही. दर दोन फुटांवर एक उभं लाकूड, त्यावर दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकलेले आणि आत पोकळ. पोकळ म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण पोकळ आहे म्हणूनच माझ्या पोटात पुष्कळ काही राहतं.

मला उभं केलं ते अप्पांनी. या घराचे ते कर्ते आणि हाताला चांगले सुतार. मला उभारताना त्यांचं बायकोशी दोन दिवस वाजलं होतं. तिच्याकडे माहेरचं लोलकाचं जड घड्याळ होतं. ती म्हणायची, ते मधोमध लागेल. अप्पा म्हणायचे, दाराजवळ. तिसऱ्या दिवशी अप्पांनी माझ्या मधोमध एक जादा लाकूड उभं केलं, घड्याळाचं वजन पेलायला. ती तिथेच जमिनीवर चहा पीत बसली होती. हसली, अप्पांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि त्या लाकडावर काहीतरी लिहिलं. मग बोर्ड बसला आणि ते अक्षर माझ्याकडे आलं. चाळीस वर्षं मी ते जपलं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. त्या दिवसापासून अप्पा त्यांच्या खोलीतून बाहेर येईनासे झाले. "पाय गार पडतात गं," एवढंच सुनेला सांगायचे. जेवण खोलीत, पेपर खोलीत. सून मायेची. ताट नेऊन द्यायची, रिकामं आणायची, पांघरूण घालायची. सगळं अप्पांसाठी व्हायचं, पण अप्पांना विचारलं मात्र काहीच जायचं नाही. उगाच त्रास नको म्हणून.

एका सकाळी बैठकीत कुणी नसताना ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हात जोडले. "देवा, अप्पा आपल्या पायांनी या खोलीत येऊन बसेपर्यंत मी चहात साखर घेणार नाही." हा नेम तिनं कुणाला सांगितला नाही. मी ऐकला, इतकंच. साखरेवर तिचा भारी जीव. पहिल्या घोटाला चेहरा असा झाला, जणू कपात चहा नाही, कडू काढाच आहे.

नवऱ्यानं विचारलं, "साखर का सोडलीस? डॉक्टर काही म्हणाले?"

"म्हणाले काहीतरी," ती म्हणाली.

मग तिनंच सुचवलं, की बैठकीत भिंतीत बसणारी विजेची शेकोटी घेऊ या. पेटी भिंतीच्या आत, समोर काच, काचेमागे खोट्या ज्वाळा आणि खालून खरी गरम हवा. खोली उबदार झाली, की अप्पा येतील. दोन लाकडांच्या मधे बरोबर मावेल अशा मापाची पेटी आणली. वायरमन येऊन तिच्यासाठी वेगळी लाइन ओढून गेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले.

मिस्त्री बोटाच्या पेराने मला ठोकून बघू लागले. कुठे पोकळ, कुठे भरीव, त्यावरून आतली लाकडं कळतात. ठोकत ठोकत ते घड्याळापाशी आले आणि सून पुढे झाली.

"तिथे नको हं मिस्त्री. सासूबाईंचं घड्याळ आहे. हिसका बसून लोलक थांबला, तर अप्पा खचतील."

"अहो ताई, मग खाली काय आहे ते कळणार कसं?"

"दर दोन फुटांवर लाकूड आहे की. हे एक, ते दुसरं. मधे काय असणार?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण भिंतीचा आवाज ठोकल्याशिवाय निघत नाही.

मिस्त्रींनी घड्याळाखाली चौकोन आखला आणि करवत चालवली. बोर्ड कापताना करवतीचा आवाज कोरडा, फसफसता असतो. अर्ध्यावर तो एकदम बदलला, जड झाला. मिस्त्री म्हणाले, "काहीतरी लागतंय," आणि त्यांनी जोर लावला.

अप्पांच्या खोलीचं दार उघडलं.

"थांब रे. लाकूड कापतोयस तू."

दाराच्या चौकटीला धरून अप्पा उभे होते, पायांत मोजे नाहीत, चप्पल नाही. सुनेचा हात तोंडावर गेला. तिचा नवरा खुर्ची घेऊन धावला, तशी अप्पांनी त्याला हातानंच बाजूला केलं आणि चालत माझ्यापर्यंत आले.

"मधे एक जादा आहे. मीच लावलंय. कुणी विचारलं का मला?"

मिस्त्रींनी करवत खाली ठेवली.

"पेटी इथेच बसवायचीय ना? मग आधी घड्याळ उतरवा. वर एक आडवं लाकूड दे, दोन्ही बाजूंच्या उभ्यांत पक्कं. मग मधलं काप. नाहीतर वरचा तुकडा घड्याळासकट खाली येईल."

घड्याळ त्यांनी स्वतःच उतरवलं. लोलक थांबला. सून कावरीबावरी झाली. अप्पांनी ते तिच्या हातात दिलं.

"धर. घड्याळच आहे, बंद पडलं तर किल्ली देता येते."

दुपारभर अप्पा तिथेच होते. "लेव्हल लावलीस का? डावीकडे उतरलंय," असं चाललं होतं. मिस्त्री हसून म्हणाले, "अप्पा, आधीच आला असतात तर माझं अर्धं काम वाचलं असतं." अप्पा म्हणाले, "बोलावलं कुठे होतंस?"

मधल्या लाकडाचा कापलेला तुकडा बाहेर आला, तेव्हा मिस्त्रींनी तो उलटून पाहिला. "यावर काहीतरी लिहिलंय." त्यांनी वाचलं, "घड्याळ इथेच. आता वाद नको."

अप्पांनी तुकडा हातात घेतला आणि अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला.  मग म्हणाले, "शेवटचा शब्द तिचाच असायचा."

पेटी आत सरकली, चार स्क्रू बसले, काच लागली. वरच्या अर्ध्या लाकडावर घड्याळ परत चढलं आणि अप्पांनी किल्ली दिली. तो तुकडा त्यांनी रंधा मारून घड्याळाखाली फळी म्हणून लावून घेतला. अक्षराच्या बाजूला रंधा लावू दिला नाही. ती बाजू खोलीकडे आहे.

शेकोटी लागली. अप्पांनी खुर्ची ओढली आणि पाय पुढे केले. "ज्वाळा लबाड आहेत," म्हणाले, "पण ऊब खरी आहे."

सुनेनं सगळ्यांना चहा दिला. स्वतःच्या कपात दोन चमचे साखर घातली. मग थोडं थांबून तिसरा.

नवरा बघत होता. "डॉक्टरांनी परवानगी दिली वाटतं?"

"दिली," ती म्हणाली आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला.

तर अशी मी. पोटात भोक पडलं, पण तक्रार नाही. आता अप्पा रोज माझ्यासमोर बसतात आणि त्या फळीला पॉलिश कोणतं करायचं हे सून त्यांना विचारून ठरवते. तुमच्याही घरात दार लावून बसलेलं कुणी असेल. त्यांना ऊब जरूर द्या. पण त्याआधी दारावर हलकेच ठोका आणि विचारा, "आम्हाला हे जमत नाहीये, जरा येता का?"

पोकळ वाटलं तरी ठोकून पाहा. मधे एक लाकूड असतंच.