पेन्सिलीचं वर्तुळ

कुवाबाराच्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही. तो माझाच विद्यार्थी, मला अजून सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणणारा, आता साप्पोरोला प्राध्यापक. मेंदूत डोपामिन सुटलं की हिरवं चमकणारं प्रथिन मी घडवलं होतं. ते फक्त काचेच्या बशीतल्या पेशींत चमकायचं. त्याने त्यात दोन बदल केले आणि ते धावत्या उंदराच्या मेंदूत चमकलं. त्या उंदराची चित्रफीत मी चाळीसेक वेळा पाहिली, काही खोट सापडते का म्हणून.

पत्रात त्याने लिहिलं होतं, ‘सेन्सेई, उंदीर धावला की मेंदूतली आम्लताही बदलते. चमक कदाचित तिचीच असेल. ताडून पाहायला डोपामिन न धरणारं प्रथिन मी सहा वेळा बनवलं, पण ते पेशीच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्याकडचं तसलं प्रथिन पोचायचं. त्याचा डीएनए पाठवाल का? तेही चमकलं, तर चमक डोपामिनची नाही आणि माझं काम खोटं.’

ते प्रथिन माझ्या हातून चुकून झालेलं. माझ्या सगळ्या कामातून त्याला नेमकं तेवढंच हवं होतं.

मार्चमध्ये मी निवृत्त होणार म्हणून कार्यालयातल्या हातानाकाबाई फ्रीझर रिकामा करायला आल्या.

“सेन्सेई, एवढ्या नळ्या? घरी नेऊन सूप करणार आहात का?”

“एक ठेवा. बाकी टाका.” ती एक त्या चुकून झालेल्या प्रथिनाच्या डीएनएची होती.

डीएनए आम्ही टिपकागदावर थेंब टाकून साध्या पाकिटातून पाठवतो. सुकलेला थेंब दिसत नाही, म्हणून भोवती पेन्सिलीने वर्तुळ काढतो. मी आधी वर्तुळ काढलं. आणि थांबलो. आत काहीच नसलं तरी कुणाला कळणार होतं? कागदावरचा डीएनए जिवाणूंत घालून वाढवतात; ते जिवाणू वाढले नाहीत, तर कुवाबारा स्वतःच्या हाताला दोष देईल. मीच त्याला तसं शिकवलं होतं.

“अजून सुकला नाही का तो?” बाईंनी विचारलं. “मला टपालाची पेटी गाठायची आहे.”

“सुकतोय,” मी म्हणालो.

मग वाटलं, कोरा कागद गेला तर त्याची चमक तशीच राहील, आणि माझ्या मनातली शंकाही. खरा थेंब गेला तर कदाचित ती चमक खोटी ठरून विझेल. विझावी, असं मला वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्याच आशेने मी नळी उघडली आणि वर्तुळात थेंब सोडला.

चिठ्ठीत लिहिलं, ‘उशीर झाला. निकाल जो येईल तो मला कळव.’

बाईंना पाकिटासाठी ताटकळत ठेवलं नाही. पेटीपर्यंत मीच चालत गेलो आणि पाकीट आत टाकलं.