पोरगी हळू बोलते

ऐका, आन् मग तुमीच सांगा, मला राग यावा का न यावा.

दोन हजार पाचची गोष्ट. पुण्याच्या एका कंपनीला मुली पायजे होत्या. काम काय, तर गिऱ्हाइकांशी दिवसभर फोनवर बोलायचं. मुलाखत बी मोबाईलवरच घेणार होते. मी अंबाजोगाईला शिकून बीकॉम झालेली. आमच्या घाटनांदुरात बसून करणार काय? वैशाखात लग्न लावून दिलं असतं, संपलं! म्हणून अर्ज केला आन् नंबर दिला अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील, शिवलिंगप्पा. आमचं किराणा दुकान. घरात मोबाईल एकच, तो त्यांच्या खिशात. फोन आला की मला बोलवा, हे दहादा बजावलं होतं.

एका दुपारी अप्पा जेवता जेवता म्हणले, "रोहिणी, तुझ्या कंपनीचा फोन आलता परवा. एक बाई होती."

माझा घास हातातच राहिला. "मग मला कावून न्हाई बोलवलं?"

"मी हाय की! समदं सांगितलं. लई चांगलं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हणलं, पोरगी गुणाची हाय. लई हळू बोलते. शेजाऱ्याला आजवर तिचा आवाज ऐकू गेला न्हाई. सैपाकाचं बी सांगितलं. बाई हसली, खूश झाली."

अगं आई गं! फोनवर बोलायच्या नोकरीला हे सांगितलं! बघायला आलेल्या पाव्हण्यांना सांगतात तसं सांगून मोकळे. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आई म्हणली, "जाऊ दे, त्यांना काय कळतं त्यातलं." कावून जाऊ द्यायचं? लातूरच्या आडत्याला साखरेचा भाव विचारताना बरं सगळं कळतं!

हात धुतले न् धुतले, अप्पांच्या खिशातनं मोबाईल काढला. रेंज फक्त दुकानाच्या ओट्यावर. तिथं गिऱ्हाईक उभं होतं. असू दे म्हणलं.

परवा आलेल्या नंबरवरच फोन लावला. त्याच बाईंनी उचलला. म्हणलं, "मी रोहिणी. परवा बोलले ते माझे वडील. आता मी बोलते." आन् बोलले. साऱ्या पेठेनं ऐकलं असंल. त्यांनी विचारलं, "चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कशा बोलाल?" म्हणलं, "आधी त्याचं त्याला बोलू देईन. मधी तोंड घालणार न्हाई."

बाई म्हणल्या, "छान बोलता हो तुम्ही. पण जागा काल भरल्या. परवा तुम्ही स्वतः बोलला असतात, तर नक्की घेतलं असतं."

फोन बंद केला. डोळ्यांत पाणी आलतं, पण रडायचं न्हाई ठरवलं, राग फार होता. वळले तर अप्पा मागंच उभे.

"काय म्हणली गं?"

"नोकरी गेली."

"अशी कशी गेली?" अप्पा माझ्यावरच चिडले. "मी तर तुझं चांगलंच सांगितलं!"

"माझं मला सांगू द्यायचं होतं, अप्पा."