गंजातली पहिली चिठ्ठी

कुंताच्या पोटात सहा वर्षं एकच राग होता. गावच्या मच्छीमार सोसायटीत बारा जण. दरवर्षी गंजात, म्हणजे भात शिजवायच्या उभ्या पातेल्यात, बारा चिठ्ठ्या पडत, अकरा कोऱ्या अन् एकीवर मासा. मासा ज्याला निघेल त्याला वर्षभर तलावाच्या पाळीजवळची, बांधालगतची खोल जागा, जिथं मासळी जास्त. नवरा गेल्यावर कुंताचं नाव रजिस्टरात शेवटी चढलं, म्हणून चिठ्ठीही शेवटीच. आता सांगा, अकरा जणांचे हात फिरून गेल्यावर तळाशी काय उरणार? कप्पाळ!

लेक रीता ब्रह्मपुरीला कॉम्प्युटर शिकत होती. ती सुट्टीत आली तेव्हा लॅपटॉपवर अशी सोडत लाखदा काढून पाहणारा, तिनंच लिहिलेला एक छोटासा प्रोग्राम होता.

"माय, पहिले उचल का शेवटी, चान्स सारखाच असते."

"तू माही पोरगी हायेस का त्या केवळरामची?" कुंता भडकलीच. केवळराम म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष, रजिस्टरातलं पहिलं नाव.

रीतानं बारा चिठ्ठ्या, एक मासा, एक लाख खेपा असं टाइप केलं.

"दर खेपेले नीट घोळते ना तुही मशीन?"

"घोळते वं माय."

भात उतरवून येईस्तोवर उत्तर हजर. पहिल्याला मासा ८,३४७ वेळा, बाराव्याला ८,३२१ वेळा. कुंतानं पुन्हा चालवायला लावलं, तर या वेळी बारावाच थोडा पुढे. "अकराही कोऱ्या निघाल्या तं मासा तुह्याचसाठी उरते ना," रीता म्हणाली. सहा वर्षं आपण उगाच जळलो, असं वाटून कुंता ओशाळली. पण बसल्या बसल्या तिला भलतंच सुचलं, अन् ती गालात हसली.

रविवारी सभेत तिनं लेकीचे आकडे सांगितले. केवळराम खूश.

"पाहा! मशीनबी सांगून राह्यली. अन्याय कुठी हाये?"

"नाईच ना भाऊ. मंग यंदा मी पहिले उचलते."

केवळरामनं टोपी काढली, पुन्हा घातली. "पण रजिस्टर..."

"सारखंच हाये तं अडते कुठी?"

म्हातारा लटारू फसकन हसला. "फसला रे केवळराम! दे तिले गंज."

कुंतानं हात घातला, चांगला कोपरापर्यंत. घोळलं, चाचपलं, एक धरली, सोडली, दुसरी काढली.

कोरी.

खोल जागा गेली. बाईचं तोंड उतरलं, का नाही उतरणार? तरी ती पाय पसरून बसली, चहा मागितला अन् बाकीच्यांचे घामेजलेले हात मजेत पाहत राहिली.

"वाईट वाटलं का माय?" रीतानं हळूच विचारलं.

"वाटलं ना. पण सहा वर्सं मी लोकायचं उरलेलं घेतलं, पोरी. आज गंज भरलेला होता."