पॉम्प का क्विफ

नवरदेवाच्या केसांपायी सगळ्यांचं डोकं उठवणारी माणसं बघायची असतील तर वडगाव रासाईत यायला हवं होतं. एक खुद्द नवरदेव, रविराज. दुसरा त्याचा दोस्त शाकीर, ज्याचं गावात एका खुर्चीचं सलून आहे. रविराज कुरकुंभच्या कंपनीत सुपरवायझर, पण शाळेपासूनची दोस्ती कायम. तो दुकानात आला की बाकावर कितीही माणसं बसलेली असोत, पुढचं डोकं त्याचं. लोक कुरकुरायचे. "त्याला नंबर नसतोय," एवढं बोलून शाकीर विषय संपवायचा.

पुण्याच्या अनुपमाशी लग्न ठरलं तेव्हा रविराजच खुर्चीत बसून बोलला होता, "शाक्या, लग्नात माझ्या डोक्याला तुझाच हात लागणार." शाकीरनं ते पार मनावर घेतलं. घरी बायकोला, सायमाला, सांगितलं. दुकानातल्या आरशाच्या वर भिंतीत एक खिळा ठोकून ठेवला, रविराजचा स्टेजवरचा फोटो टांगायला. गिऱ्हाइकानं चुकून विचारलं की खिळा कशाला, तर दाढी होईस्तोवर तेच ऐकावं लागे. त्या एका फोटोवर आसपासच्या गावांतले नवरदेव आपल्याकडं येऊ लागतील, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

घोडं अडलं होतं ते पॉम्प का क्विफ इथं. दोन्हीत कडेनं बारीक आणि वर डोंगर. पॉम्पाडोर म्हणजे पुढचे केस गुळगुळीत मागं वळवून फुगवायचे. क्विफ म्हणजे तेच केस कपाळावर उभे करून जरा मोकळे सोडायचे. लांबून बघणाऱ्याला घंटा फरक कळत नाही. पण या दोघांचा जीव त्यात अडकलेला. एका रविवारी पॉम्प, पुढच्या रविवारी क्विफ, मग परत पॉम्प, कारण आधीचा कसा दिसत होता ते विसरलं.

एका रविवारी रविराजची आई कस्तुराबाई दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "आरं, पन डोक्यावर फेटा आसनार न्हवं? खाली डोंगार आसू दे न्हाईतर खड्डा, दिसतोय कुनाला?"

दोघं गारच पडले. फेटा दोघांच्याही ध्यानात नव्हता. लग्न फेट्यात लागणार, रिसेप्शनला फेटा उतरवून सूट घालायचा, आणि तोवर केसांची भाकरी झालेली असणार. कंपनीच्या हेल्मेटखाली रोज काय होतं ते रविराजला ठाऊक होतं. त्याचं तोंड एवढंसं झालं. शाकीर मात्र पेटला. त्यानं केलेल्या पॉम्पवर टॉवेल आवळून बांधला, चहा मागवला आणि दोस्ताला गप्पांत बसवून ठेवलं. टॉवेल सोडला तर पॉम्प आडवा, काही केल्या उठेना. पुढच्या रविवारी क्विफवर तसाच टॉवेल बांधला. तोही बसला, पण शाकीरनं ओली बोटं मुळांतून फिरवली आणि केस पुन्हा उभे राहिले.

"क्विफ," शाकीर म्हणाला.

"क्विफच," रविराज म्हणाला. "परत करून दाव. आठवन म्हनून व्हिडिओ काढतो."

शाकीरनं पुन्हा सगळं सावकाश करून दाखवलं. केसांत टाकायची पावडर किती घ्यायची, मुळं कुठून उचलायची, एक न एक गोष्ट बोलून सांगितली. दोस्त मागतोय म्हटल्यावर त्यात काय राखून ठेवायचं?

लग्नाच्या दिवशी दुकानाला कुलूप घालून तो सामानासकट भांडगावच्या मंगल कार्यालयात सकाळीच पोचला. नवरदेवाच्या खोलीत शिरला तर रविराज खुर्चीत बसलेला, आणि त्याच्यामागं काळ्या एप्रनमधला कुणी अनोळखी माणूस केसांत ब्रश फिरवत होता. आरशाला मोबाईल टेकवून ठेवला होता. त्यात कुणाचे तरी हात क्विफ करत होते. शाकीरनं आपले हात ओळखले. आवाज तेवढा बंद होता.

"ये की," रविराज आरशातूनच म्हणाला. "पुन्याचे स्टायलिस्ट हायेत हे. अनुपमाकडची मानसं पुन्याची, त्यांच्यात जरा बरं दिसतंय. तुला कळतंय न्हवं?"

"अनुपमानं सांगितलं बोलवायला?"

"तिला कुठलं काय. मीच बोलावलं."

"ट्रायल फार छान घेतल्यात कुणीतरी," पुण्याचा माणूस म्हणाला. बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. "माझं काम सोपं झालं."

शाकीरनं सामानाची पिशवी पाठीमागं धरली आणि बाहेर आला. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही जन्मभर दुसऱ्यांचे केस कापणाऱ्याच्या वाट्याला यावं. तडक घरी जावं असं वाटलं, पण गावात काय सांगणार? मांडवात मागच्या खुर्चीवर बसून राहिला. मानपानात माईकवर त्याचं नाव पुकारलं, टॉवेल-टोपी दिली. तो टॉवेल हातात घेतानाही त्याला दुकानातला टॉवेल आठवला.

संध्याकाळी रविराजचा चुलतभाऊ भारत त्याला शोधत आला. "शाकीरभाई, चला. आत बोलावलंय."

खोलीत रविराज सुटाबुटात आरशासमोर बसला होता. फेटा पलंगावर काढून ठेवलेला, आणि केस टाळूला चिकटलेले. पुण्याचा माणूस दुसऱ्या लग्नाला निघून गेला होता.

"शाक्या, ती बोटं फिरव रं," रविराज म्हणाला. "आन् मागल्या दारानं जा. फोटोवाल्यांना पुन्याचा स्टायलिस्ट म्हनून सांगितलंय."

शाकीरनं सवयीनं बोटं ओली केली आणि मुळांत घातली. केस उठू लागले. मग त्याचा हात थांबला.

"मी टॉवेल बांधला, तवा पुन्याचा ठरला होता का?"

"आरं, आता काय काढतूस ते?"

"सांग."

रविराज आरशात न बघता म्हणाला, "ठरला होता."

शाकीरनं हात काढून घेतला, रुमालाला पुसला. पलंगावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि रविराजच्या डोक्यावर नीट बसवला. शेमला मागं सरळ केला. एवढ्या निगुतीनं तर फेटेवाल्यानंही बांधला नसेल.

"ह्योच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुम्हाला शोभतोय."

"तुम्हाला?" रविराज हसायला गेला, पण ते जमलं नाही. "शाक्या..."

"आन् दुकानात आलात तर बाकावर बसा. नंबर लावावा लागंल."

तो पुढच्या दारानं, फोटोवाल्यांच्या समोरून बाहेर पडला. मागून हाक आली, तो वळला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले. लग्नातले, स्टेजवरचे, जेवणाच्या टेबलावरचे. एकूणएक फोटोत डोक्यावर फेटा. सायमा डबा द्यायला दुकानात आली होती, ती ते उलटसुलट करून बघत राहिली.

"शेवटी खाली होतं काय, पॉम्प का क्विफ?"

शाकीर खुर्चीवर चढून पक्कडीनं आरशावरचा खिळा उपटत होता.

"बसल्याले केस होते," तो म्हणाला.