काठोकाठ प्याला

धाक दाखवायला कोणी आलं की झिबेकला आधी चहा सुचायचा. शुक्रवारी दुपारी सव्वाचारला व्हिक्टर तिच्या जिनिव्हाच्या कचेरीत शिरले, तेव्हाही तिने किटलीच पुढे ओढली.

तिने कझाखस्तानतर्फे सगळ्या देशांपुढे ठेवलेला प्रस्ताव एका ओळीचा होता. क्षेपणास्त्राची चाचणी करायची असेल, तर शेजारच्या देशांना एक दिवस आधी कळवायचं. आज पाच वाजेपर्यंत कुणाचं हरकतीचं पत्र आलं नाही, तर तो मंजूर. इथे गप्प बसणं म्हणजेच होकार. पण एक जरी पत्र आलं, तरी चार वर्षांची मेहनत पाण्यात.

व्हिक्टर एका बड्या देशाचे प्रतिनिधी. खुर्चीत बसताबसताच म्हणाले, "पत्र तयार आहे. मी फोन केला की सुटेल. पण मी भांडायला नाही आलो. 'शक्य असेल तर' एवढे तीन शब्द घाला, की मी गप्प."

झिबेकने अर्धाच प्याला भरला. कझाख घरात पाहुण्याला अर्धाच देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला, तर प्या आणि निघा. अल्माटीत आठ वर्षं काढलेल्या व्हिक्टरना हे सांगायला नको होतं.

"तुम्हाला कधी काही शक्य असतं का हो?"

"टोमणे नंतर मारा. साडेचार झालेत."

दाराशी उभी असलेली तिची सहायक कामशात कझाखमध्ये कुजबुजली, "आपाय, ताई, घाला की. काहीच नसण्यापेक्षा बरं."

"त्यांना कझाख कळतं गं, बाई."

"चांगलंच कळतं," व्हिक्टर म्हणाले. कामशात लाल झाली.

झिबेक सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सेमेयजवळ, सोव्हिएत अणुचाचण्यांच्या मैदानाशेजारच्या गावात आई गाईची धार काढत होती, आणि लख्ख दिवसा आभाळात दुसराच उजेड पडला. महिन्याभरात आईची दृष्टी गेली. बॉम्ब उडवणाऱ्यांकडे फोन होते, मोटारी होत्या. कळवणं त्यांना अगदी शक्य होतं. त्याचा संताप झिबेकला अजून येई, आणि तो लपवायची तिला कधी गरजही वाटली नाही.

"नाही घालत," ती म्हणाली. "करा फोन. शेजाऱ्यांना कळवायला आमचा विरोध आहे, असं स्वच्छ लिहा आणि सही ठोका. तुमच्या एकट्या देशाचीच असेल." आणि तिने प्याला काठोकाठ भरला. थेंब सांडला नाही.

पावणेपाच. व्हिक्टरनी खिशातून फोन काढला. कामशातने डोळे मिटले. झिबेक त्यांच्याकडे सरळ बघत राहिली.

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काठोकाठ भरलात."

"भरला."

"दिलेला चहा टाकून उठलो, तर तुमच्याकडे अपमान समजतात."

"मोठा."

"आणि हा आहे भलताच गरम." व्हिक्टरनी फुंकर घातली आणि चिमणीच्या चोचीएवढा घोट घेतला.

पाचचे ठोके पडले तेव्हा फोन पालथाच होता, आणि प्याल्यात अजून दोन घोट शिल्लक होते.