डी ड्राइव्हमधला आवाज

आयुष्यभर लोकांची घड्याळं खोलून पुन्हा जिथल्या तिथे बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातांचा जरा जास्तच भरवसा असतो. घड्याळजीलाही होता. म्हणून तर रविवारी सकाळी, ताई बाजारात गेल्याचं साधून, हा पठ्ठ्या घरच्या जुनाट कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स ही दुसरी प्रणाली घालायला बसला. तेही जन्मात पहिल्यांदा, चार पानी माहितीपत्रकाच्या जोरावर.

ताई ही त्याची थोरली बहीण. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला. त्याआधी आठवडाभर बसून तिने स्वतःच्या आवाजात चारशे बारा वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. 'चहा झाला का', 'दारात कोण आहे बघ', 'मला नको, तू खा'. आता ती हव्या त्या वाक्यावर क्लिक करायची आणि कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलायचा. पण तो इतका थकला होता, की 'चहा झाला का' ऐकू येईपर्यंत चहा पिऊन कपही विसळून व्हायचे. बोलणं तोंडाशी येऊन अडकल्यासारखी ताई पडद्याकडे बघत राहायची, आणि घड्याळजीला ते बघवायचं नाही. लिनक्स घातलं की जुनी मशिनं पळायला लागतात, असं दुकानात एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं.

तयारी मात्र त्याने चोख केली होती. घड्याळ खोलताना तो कायम दोन वाट्या घ्यायचा, एक झिजलेल्या भागांची, एक चांगल्या. कॉम्प्युटरमध्येही सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह अशा दोन वाट्या होत्याच की! ताईची सगळी वाक्यं त्याने सीमधून डीमध्ये नेऊन ठेवली. दोनदा मोजली. चारशे बारा. आता सी खुशाल पुसली जाऊ दे.

लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, पुढे पुढे जात राहिला. एका ठिकाणी प्रश्न आला: पूर्ण डिस्क पुसायची का? तिथे सी नव्हती, डी नव्हती. एकच लांब पट्टी होती आणि तिचं भलतंच नाव. हीच सी असणार, असं त्याने परस्पर ठरवलं आणि 'हो' म्हटलं.

अर्ध्या तासात नवाकोरा पडदा उजळला. बाण कसा सुळकन पळत होता! घड्याळजी स्वतःवरच खूश झाला आणि डी उघडायला गेला.

डी कुठेच नव्हती.

काहीतरी नीट बसलं नसेल, असं म्हणून त्याने सवयीप्रमाणे केलं. न चालणारं घड्याळ तो पुन्हा खोलून पुन्हा बसवायचा, तसं त्याने लिनक्स पहिल्यापासून पुन्हा घातलं. डी तरीही नव्हती. मग मात्र त्याने पलीकडच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरवालीला फोन लावला. ती आली, तिने दोन मिनिटं बघितलं आणि त्याच्याकडे वळली.

"काका, डिस्क एकच होती. तिचेच दोन भाग करून त्यांना सी आणि डी म्हणत होते. एकाच खोलीत मधे कपाट लावावं तसं. तुम्ही अख्खी खोलीच पाडलीत."

"म्हणजे डीसुद्धा?"

"डीसुद्धा. आणि दुसऱ्यांदा कशाला घातलंत हो? पहिल्यानंतर निदान बरंच काही परत मिळालं असतं."

मागे पिशवीचा आवाज आला. ताई दारात उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"ताई, तुझा आवाज मी पुसला," तो म्हणाला.

ताईने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. सवयीने टेबलाशी आली, माउस धरला आणि रिकाम्या पडद्यावर बाण इकडून तिकडे फिरवला. मग त्याच्याकडे वळून तोंड उघडलं आणि मिटलं. भावाला चार शब्द सुनवायचे, तर तेही तिच्याकडे उरले नव्हते. तिचा पांढराफटक चेहरा बघून घड्याळजीला वाटलं, हिने एक थोबाडीत तरी मारावी.

कॉम्प्युटरवाली मशीन घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. जे सापडलं त्याची बहुतेक नुसती खरखर झाली होती. "धड असं एकच आहे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आणि ते तुमच्या त्या चारशे बारा वाक्यांतलं वाटत नाही."

घड्याळजी माउसकडे हात नेत होता, तेवढ्यात तिने ते सुरू केलं.

"अरे गाढवा, हात लावू नकोस म्हटलं ना त्याला!"

खणखणीत, जिवंत, ताईचा आवाज. रेकॉर्डिंगच्या वेळी तो मायक्रोफोनवरची धूळ पुसायला गेला होता, तेव्हाचं हे ओरडणं, चुकून रेकॉर्ड झालेलं. घड्याळजीचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. साठीचा माणूस, पण छातीशी हात धरून तो जागच्या जागी उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

ताईने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग तिने खुर्ची ओढली, बसली, आणि त्याच वाक्यावर पुन्हा क्लिक केलं.

पूर्वीसारखी वाट बघावी लागली नाही. आवाज लगेच आला.